अस्सल प्रत

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या माणसांचे दोनच प्रकार असतात, असं धाकट्याचं वर्षानुवर्षांचं निरीक्षण होतं. एक, "मी काहीच केलं नाही, आपोआप झालं," म्हणणारे. दुसरे, "ओरिजिनल टाकलं की सगळं ठीक होईल ना?" असं विचारणारे. पहिल्यांशी वाद घालण्यात अर्थ नसे, कारण त्यांनी हमखास काहीतरी केलेलं असे. दुसऱ्यांशी मात्र तो हातातलं काम टाकून वाद घाली.

"लायसन्स म्हणजे परवाना," तो म्हणे. "गाडीचा परवाना काढला म्हणून पंक्चर निघतं का? आत पंखा धुळीने गच्च भरलाय, डिस्क आठ वर्षांची म्हातारी झालीय, आणि तुम्ही परवाना मागताय. रोग रेड्याला नि औषध पखालीला!"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण त्यात थोडी सोयही होती, हे सांगून टाकलेलं बरं. त्याच्या हाताखालून गेलेल्या एकाही मशीनमध्ये ओरिजिनल सॉफ्टवेअर नव्हतं. टेबलाच्या खणात जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक डिस्क असे, तिला दुकानात 'आई' म्हणत. एका चांगल्या चालणाऱ्या मशीनची जशीच्या तशी नक्कल तिच्यावर घेतलेली होती. गिऱ्हाईक आलं की आई जोडायची, पाऊण तासात तिची नक्कल नव्या मशीनमध्ये उतरायची, की काम फत्ते. आईची लेकरं अशी बेचाळीस झाली होती, आणि प्रत्येकाची नोंद वहीत होती. दवाखाने, वाचनालय, शाळा, फोटो स्टुडिओ, दुकानाचं स्वतःचं एक, आणि वरच्या मजल्यावर वहिनींचं एक.

दुकान दोघा भावांचं होतं. आता भाऊ एकच उरला होता. दादा जाऊन अडीच वर्षं झाली होती, आणि समोरच्या काउंटरवर वहिनी बसू लागल्या होत्या. आलेलं मशीन लिहून घ्यायचं, फोन उचलायचे, गिऱ्हाइकाला बसायला स्टूल द्यायचं, ही कामं त्या बिनबोभाट करत. काउंटरच्या मागे धाकट्याचं टेबल, टेबलामागे एक चिंचोळा बोळ, बोळाच्या टोकाला मागचं दार. दाराबाहेर दगडाच्या तीन पायऱ्या आणि गल्ली. ते दार धाकटा सहसा उघडत नसे. कचरासुद्धा पुढून वळसा घालून टाकून येई, आणि दुपारी चार ते पाच टेबलावरचं मशीनही बंद ठेवी.

पहिली तक्रार दंतवैद्यांची आली.

"रोज दुपारी मशीन अडकतं हो," ते म्हणाले. "पेशंट आ वासून बसलेला, मी स्क्रीनवर त्याच्या दाढेचा फोटो बघतोय, आणि सगळं ठप्प. माउस हलत नाही. घड्याळाचा काटा हलत नाही. दहा सेकंदांनी पुन्हा सुरळीत."

"रोज?"

"चार वाजून वीस मिनिटांनी. मला वाटतं, व्हायरस असणार."

"दहा सेकंदांचा व्हायरस?" धाकटा हसला. "डॉक्टर, इतका सोशिक व्हायरस मला पण द्या एक."

तेव्हा काउंटरवरून वहिनी म्हणाल्या, "ओरिजिनल टाकून घ्या, डॉक्टर. सगळं थांबेल."

धाकट्याने चमकून वळून पाहिलं. वहिनी कधी त्याच्या कामात बोलत नसत. त्या मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होत्या.

गिऱ्हाइकाने वहिनींचं ऐकलं, धाकट्याचं नाही. डॉक्टरांनी लायसन्स विकत घेतलं. धाकट्यानेही मग इरेला पेटून एक प्रयोग केला. त्याने जुनी नक्कल तशीच ठेवली आणि तिच्यात फक्त लायसन्सचा नंबर भरला. मशीन आता अस्सल आहे, असं स्क्रीनवर उमटलं. दुसऱ्या दिवशी चार वीसला तो स्वतः दवाखान्यात जाऊन बसला. मशीन ठरल्या वेळी अडकलं. मनगटावरच्या घड्याळात त्याने दहा सेकंद मोजले आणि त्याला अगदी गुदगुल्या झाल्या.

"बघा, परवाना आला, पंक्चर तसंच," तो म्हणाला.

पण डॉक्टरही चिवट निघाले. म्हणाले, पैसे दिलेत तर नीट करून द्या. तेव्हा त्याने डिस्क कोरी केली आणि अस्सल माल पहिल्यापासून चढवला. त्यानंतर ते मशीन एकदाही अडकलं नाही. धाकट्याला ते अपेक्षितच होतं. दोष लायसन्समध्ये नव्हता, नकलेत होता. आईमध्ये कुठेतरी एखादा तुकडा खराब असणार, एवढं त्याने मनाशी ठरवून टाकलं. तरीही एक गोष्ट त्याला खटकत होती. मशीन आपल्या प्रत्येक हालचालीची आत नोंद ठेवतं, पण त्या दहा सेकंदांची नोंद त्याला कुठेही सापडली नव्हती. अडकल्याचीही नाही आणि सुटल्याचीही नाही.

बातमी पसरायला वेळ लागत नाही. एकाने घेतलं, की दुसऱ्याला आपलं मशीन मंद वाटायला लागतं. आठवड्याला तीन-चार जण येऊ लागले. वहिनींनी काउंटरच्या फळीवर लायसन्सची सीलबंद पाकिटं आणून मांडली. धाकटा कुरकुरला, पण काम वाढलं होतं, आणि आलेल्या कामाला तोंड वाकडं करायला तो काही उंटावरचा शहाणा नव्हता.

वाचनालयातल्या बाईंचा फोन आला तेव्हा वहीतली निम्मी लेकरं अस्सल झाली होती. बाई म्हणाल्या, मशीन वीस सेकंद अडकतं.

"वीस? दहा असेल," धाकटा म्हणाला.

"मी ग्रंथपाल आहे. मला मोजता येतं," बाई म्हणाल्या.

त्याने जाऊन पाहिलं. वीसच होते. महिन्याभराने एका वकिलाकडे तीस भरले. त्या दिवशी दुकानात परतल्यावर त्याने वही काढली. डॉक्टरांच्या वेळी किती मशीनांमध्ये जुनी नक्कल होती? बेचाळीस, आणि दहा सेकंद. बाईंच्या वेळी एकवीस, आणि वीस सेकंद. वकिलाच्या वेळी चौदा, आणि तीस.

बेचाळीस दाहे चारशे वीस. एकवीस विसे चारशे वीस. चौदा तिसे चारशे वीस.

चारशे वीस सेकंद म्हणजे सात मिनिटं.

त्याने वही मिटली आणि मागच्या दाराकडे पाहिलं. दाराला कडी होती. बोळात नेहमीसारखा अंधार होता, आणि गरम धुळीचा व सोल्डरिंगचा नेहमीचा वास येत होता.

दादा रोज चार वीसला काम थांबवून चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसे. सात मिनिटं, घड्याळ लावून. चार सत्तावीसला परत. "माणूस आहे मी, मशीन नाही," असं तो म्हणायचा. त्या शेवटच्या दिवशीही तो तसाच गेला होता. धाकटा आतल्या टेबलावर नवी आई बनवत होता. जोडणीची वायर सैल झाली होती. तिचं टोक अंगठ्याने घट्ट दाबून धरलं तरच नक्कल उतरत राही, अंगठा सुटला की अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात. स्क्रीनवर अठ्ठ्याऐंशी टक्के झाले होते, तेव्हा बाहेरून हाक आली.

"छोट्या, जरा ये रे."

दादाला चहाबरोबर गप्पा लागत. धाकट्याला वाटलं, काहीतरी दाखवायचं असेल, गल्लीतलं मांजर वगैरे. थोड्या वेळाने दुसरी हाक आली. मग तिसरी, जरा हळू. तेव्हा तो अंगठा न हलवता ओरडला, "आलोच दादा, दोनच मिनिटं!"

नक्कल पुरी झाली चार सत्तावीसला. तो बाहेर गेला तेव्हा दादा भिंतीला टेकून बसला होता. शेजारी कप भरलेला होता, आणि चहावर साय धरली होती.

वहिनी त्या वेळी वरच्या मजल्यावर होत्या. त्यांनी नंतर एकदाच विचारलं होतं, "ह्यांनी हाक नाही मारली का हो भावजी?"

"नाही, वहिनी," तो म्हणाला होता. "म्हणजे पंख्याच्या घरघरीत मला काही ऐकू आलं नाही."

त्यांनी त्यावर विश्वास ठेवला होता. ह्या घरात त्याचं जे काही होतं, दोन वेळचं ताट, काउंटरवरची सोबत, 'भावजी' म्हणून मारलेली हाक, ते सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं. आणि तीच आई टॉवेलात गुंडाळून तो अडीच वर्षं घरोघर वाटत हिंडला होता.

तरी तो डोकं चालवणारा माणूस होता. आकडे जुळतात, योगायोगानेही जुळतात, असं त्याने स्वतःला समजावलं. पण त्या दिवसापासून तो गिऱ्हाइकांना उलटं सांगू लागला. "कशाला घेता ओरिजिनल? एवढंसं अडकतं, अडकू द्या की." लोक त्याच्याकडे विचित्र नजरेने बघत. पाकीट तर त्यांनी आधीच काउंटरवर घेतलेलं असे.

सात मशीनं उरली, तेव्हा फोटो स्टुडिओवाला आला.

"एक मिनिट बंद पडतं," तो म्हणाला. "त्याचं काही नाही. पण त्या मिनिटात आवाज येतात राव. स्पीकर मी काढून ठेवलाय, तरी येतात."

"कसले आवाज?"

"या नि ऐका. मला सांगता येणार नाही."

धाकटा गेला. चार वीसला स्क्रीनवरची नवरी हसता हसता थिजली. मशीनचा पंखा गप्प झाला. मग कुठून ते कळेना, पण खोलीच्या आतूनच, एक कडी सरकली. बिजागरी करकरली, दोनदा बारीक आणि एकदा लांब. ती बिजागरी धाकट्याने हजार वेळा ऐकली होती. मग पावलं आली, दगडावर कप टेकल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी बसताना सोडावा तसा सुस्कारा. एवढ्यात मिनिट संपलं आणि नवरीचा फोटो पुढे सरकला.

"शेजारचं दार असेल," धाकटा म्हणाला.

"शेजारी भिंत आहे," स्टुडिओवाला म्हणाला.

त्या रात्री धाकट्याने जेवताना मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अडगळीतून भंगारातली मशीनं काढून टेबलावर मांडली. हिशेब सरळ होता. मशीनं कमी झाली की वेळ वाढतो, तर मशीनं वाढवली की वेळ घटेल. भंगारात का होईना, आईच्या शंभर नकला उतरवायच्या, मग वाट्याला येतील चार-चार सेकंद, आणि चार सेकंदांत कोण काय ऐकणार? त्याने आई जोडली. नक्कल अठ्ठ्याऐंशी टक्क्यांपर्यंत गेली आणि थांबली. दुसऱ्या मशीनवर अठ्ठ्याऐंशी. तिसऱ्यावर अठ्ठ्याऐंशी. वायर नवी होती, तरी त्याने अंगठा दाबून पाहिला. दुपारपर्यंत तो तसाच दाबून बसला होता.

"काय चाललंय, भावजी?" वहिनींनी काउंटरवरून विचारलं.

"जुनी मशीनं चालतात का बघतोय."

"चालत नाहीत ना?" वहिनी म्हणाल्या, आणि पुन्हा वहीकडे वळल्या.

शेवटी तीन मशीनं उरली. एक दुकानातलं, एक वहिनींचं, एक शाळेच्या कचेरीतलं. शाळेच्या मुख्याध्यापिका करड्या आवाजाच्या होत्या. त्यांनी धाकट्याला खुर्ची दिली आणि दार लावून घेतलं.

"आमचं मशीन दोन मिनिटांच्या वर बंद पडतं," त्या म्हणाल्या. "आणि बंद असताना कुणीतरी हाक मारतं. 'छोट्या, जरा ये रे.' माझ्या शाळेत शेकड्याने छोटे आहेत. पण हा आवाज मोठ्या माणसाचा आहे, आणि त्याला बरं नाहीये."

धाकटा वाकून मशीनची वायर तपासू लागला.

"तुमच्या ओळखीचा आहे का आवाज?"

"नाही," तो म्हणाला. "बाई, एक विनंती आहे. हे मशीन असंच राहू द्या. हवं तर चार ते पाच बंद ठेवा. ओरिजिनलने काही होत नसतं, मी गेली वीस वर्षं सगळ्यांना हेच सांगतोय."

"कमाल आहे तुमची. परवा तुमच्या वहिनींनीच फोन करून सांगितलं, की आता तुमचंच राहिलंय, घेऊन टाका. पाकीटसुद्धा पाठवलं." त्यांनी खण उघडून पाकीट टेबलावर ठेवलं. "बसवा. मी इथेच थांबते."

त्याने बसवलं. बसवताना त्याला एकेक आठवत गेलं. डॉक्टरांना कोण म्हणालं होतं? वहिनी. वाचनालयाच्या बाईंना? वहिनी. वकिलाला, स्टुडिओवाल्याला, बाकीच्या सगळ्यांना? इतके दिवस काखेत कळसा आणि गावाला वळसा चालला होता.

तो परतला तेव्हा चार वाजून अठरा मिनिटं झाली होती. काउंटरवर कुणी नव्हतं. तो जिना चढून वर गेला.

वहिनींची खोली टापटीप होती. खिडकीशी त्यांचं मशीन, त्याच्यासमोर वेताची खुर्ची, एक हात अंतरावर. वहिनी खुर्चीत ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर. त्यांनी वळून पाहिलं नाही. फक्त म्हणाल्या, "उभे का? बसा."

चार वीसला स्क्रीन थिजली. कडी, बिजागरी, कप, सुस्कारा. गल्लीतून जाणाऱ्या सायकलची घंटी, अडीच वर्षांपूर्वीची. दोन मिनिटं होत आली तेव्हा हाक आली.

"छोट्या, जरा ये रे."

वहिनींच्या चेहऱ्यावर धाकट्याने फार दिवसांत न पाहिलेलं काहीतरी आलं. त्याला ते बघवेना. मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला, ओढून घेतलेला. मग दुसरी हाक. तिच्यानंतर लगेच मशीनचा पंखा सुरू झाला आणि स्क्रीनवरचं घड्याळ पुढे गेलं.

"साडेतीन मिनिटं," वहिनी म्हणाल्या. "उरलेली साडेतीन तुमच्या खालच्या मशीनमध्ये अडकलीत. हो ना?"

"तुम्हाला कधी कळलं?"

"मी रोजच बसायचे इथे ह्या वेळेला. ते गेल्यापासून. दहा सेकंद अडकायचं, आधी वाटलं माझ्याच डोळ्यांत पाणी येतंय म्हणून तसं दिसतं." त्या थोडं हसल्या. "मग डॉक्टरांना मी आपलं ऐकीव सांगितलं, आणि त्यांचं मशीन तुम्ही अस्सल केलंत. त्यानंतर आणखी पाच-सहा केलीत, तसे इथले सेकंद वाढले. मला तुमच्यासारखं कळत नाही त्यातलं, पण वही माझ्याच हातात असते ना, भावजी."

"वहिनी, हे चांगलं नाही. हे काढून टाकू या."

"खालचं काढा. खालचं ओरिजिनल करून टाका." त्या पहिल्यांदाच त्याच्याकडे वळल्या. "मला पुढचं ऐकायचंय. ह्यांनी आणखी कुणाला हाक मारली का ते. मी वरच होते. माझं नाव घेतलं असेल आणि मला ऐकू आलं नसेल, तर ते मला कळायला हवं. अडीच वर्षं मी झोपलेली नाही, भावजी."

धाकट्याच्या तोंडाशी शब्द आले होते. तिसरीही हाक मलाच होती, वहिनी, आणि मी उत्तर दिलं होतं. एवढंच तर बोलायचं होतं. पण त्याने मान हलवली, "बघतो उद्या," म्हणाला आणि जिना उतरून खाली आला. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते उगीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बहिणीकडे गेल्या. त्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत धाकटा दारात उभा राहिला. मग त्याने दुकानाला आतून कडी घातली. आधी खालचं मशीन कोरं केलं, मग वरचं. दोन्हींत अस्सल माल चढवला, दोन पाकिटं फोडली, दोन नंबर भरले. मग आईला टॉवेलातून काढलं, तिचे स्क्रू सोडले आणि आतली चकचकीत चकती पेचकसाने आडवी-उभी ओरखडून काढली. चकतीत त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं, ते दिसेनासं होईपर्यंत तो ओरखडत राहिला.

वहीत बेचाळीस खुणा झाल्या. आता सात मिनिटांना राहायला जागाच नव्हती.

वहिनी तीनला परत आल्या. वर गेल्या, आणि लगेच खाली आल्या.

"तुमचं मशीन सकाळी एकाएकी बंद पडलं," धाकटा म्हणाला. "नाइलाज झाला. सगळं नव्याने टाकावं लागलं."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याला वाटलं, रडतील, ओरडतील. त्या म्हणाल्या, "बरं."

मग रोजच्यासारखा चहा करून आणला. चार वाजून सतरा मिनिटं झाली होती. कप त्याच्या उजव्या हाताशी ठेवून त्या काउंटरकडे वळल्या.

धाकट्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली. टेबलावरचं मशीन मंद आवाज करत चालू होतं.

चार एकोणीस.

चार वीस.

पंखा चालूच होता. सेकंदकाटा बाराच्या पुढे गेला. कडी वाजली नाही. बिजागरी करकरली नाही.

सुटलो, असं त्याला वाटलं. अगदी उघडपणे, मोठ्याने हसावंसं वाटलं. त्याने कप उचलून ओठाला लावला.

चहा गार होता. ओठाला साय चिकटली.

त्याने वर पाहिलं. वहिनी काउंटरवर नव्हत्या. त्या त्याच्यासमोर, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या होत्या. हात मांडीवर होते, डोळे कोरडे होते.

भिंतीवर चार सत्तावीस झाले होते.

त्याचा उजवा अंगठा ठणकत होता. अंगठ्यावर वायरच्या टोकाचा चौकोनी वळ उमटला होता, लाल, ताजा.

"तुम्ही कधी येऊन बसलात?" त्याने विचारलं.

"कडी वाजली तेव्हा."

"कुठे वाजली? मी इथेच होतो. काही वाजलं नाही."

"तुम्ही डोळे उघडे ठेवून बसला होतात," वहिनी म्हणाल्या. "पापणी हलत नव्हती. आवाज तुमच्यातून येत होता. दार, कप, सायकल. सगळं."

त्याने कप खाली ठेवला.

"किती ऐकलंत?"

"सात मिनिटं. पूर्ण." त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "ह्यांच्या तीन हाका. माझं नाव एकदाही नाही. आणि तिसऱ्या हाकेनंतर तुमचा आवाज."

धाकट्याने ठणकणारा अंगठा मुठीत लपवला.

"वहिनी, वायर सैल होती. मला वाटलं..."

"मी विचारलं का काही?" वहिनी म्हणाल्या. त्यांनी उठून कप उचलला, आत नेऊन विसळला आणि पालथा घातला.

त्या रात्री त्यांनी त्याला नेहमीसारखं ताट वाढलं. 'भावजी' म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात एकही बिघडलेलं मशीन नव्हतं. डॉक्टरांचा फोन आला, ओरिजिनल टाकल्यापासून एकदाही त्रास नाही, तुमचं म्हणणं खोटं ठरलं, असं ते हसत म्हणाले. धाकटा हो म्हणाला. कुठेतरी निघून जावं, असं सकाळपासून त्याच्या मनात चार वेळा आलं. पण जाऊन जाऊन जाणार कुठे? चार वीसला जिथे असेल, तिथे तो परक्या माणसांमध्ये उघड्या डोळ्यांनी थिजणार होता, आणि त्याच्यातून दादा हाका मारणार होता. तो खुर्चीतच बसून राहिला.

सव्वाचारला जिन्यावर पावलं वाजली. वहिनी वरची वेताची खुर्ची घेऊन खाली आल्या. त्यांनी ती त्याच्यासमोर मांडली, थोडी मागे सरकवली, मग पुन्हा पुढे ओढली, बरोबर एक हात अंतरावर. आत जाऊन चहा आणला आणि त्याच्या उजव्या हाताशी ठेवला.

"आत्ताच पिऊन घ्या," त्या म्हणाल्या. "नंतर साय धरते."

मग त्या खुर्चीत ताठ बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि घड्याळाकडे बघू लागल्या.